पाणी गोड लागलं तेव्हा

माझा धाकटा भाऊ मखलूफ आयुष्यभर वर बघत चालला, म्हणून त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना कायम ठेचा लागलेल्या असायच्या. चालताना माणूस खाली बघतो, हा आभाळ बघायचा. लिबियाच्या बाजूला हाताएवढा जरी ढग दिसला, तरी ह्याच्या हातातला घास हातात राहायचा. जगात इतर ठिकाणी लोक पावसासाठी दुवा मागतात म्हणे. मागोत बापडे. वाळवंटातल्या आमच्या सीवात पावसाचं नुसतं नाव काढलं तरी म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवतात, कारण आम्ही मिठाच्या घरात राहतो.

मखलूफ गवंडी होता. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मागे हटलं की काठावर मीठ आणि चिखल मिळून जी जाड साय धरते, ती कुदळीनं फोडायची, तिचे ओबडधोबड दगड गाढवगाडीत घालून आणायचे आणि तळ्यातलाच खारा चिखल मध्ये भरून भिंत रचायची. या दगडाला आम्ही कर्शीफ म्हणतो. ओला चिखल सुकतो तसं त्यातलं मीठ बाहेर येतं, वरच्या दगडात शिरतं, खालच्या दगडात शिरतं आणि दोघांना धरून ठेवतं. दोन उन्हाळे गेले की कुठला दगड आणि कुठला चिखल हे रचणाऱ्यालाही सांगता येत नाही. उन्हाळ्यात आत थंड, थंडीत आत ऊब. एकच खोट, की या भिंतीला गोडं पाणी चालत नाही. अंगणात झरा वाहत असला तरी मखलूफ चिखल कालवायला पाणी आणणार ते लांबच्या तळ्यातून. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे मेल्या, दारातलं पाणी सोडून गाढवाला कशाला मारतोस?"

तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि त्यानं ऑलिव्हची बरणी उचलली. "अक्का, ह्यात तू मीठ किती घालतेस?"

"विरघळायचं थांबेपर्यंत."

"आणि त्यावर आणखी एक मूठ टाकलीस तर?"

"तळाशी बसेल. तुझ्यासारखं. हलणार नाही."

"बस्स. तळ्याचं पाणी पोटभर जेवलेलं असतं. ते माझ्या दगडाला तोंड लावत नाही. झऱ्याचं पाणी उपाशी. ते आधी माझा दगडच खाईल." एवढं बोलून त्यानं बरणीतली चार ऑलिव्ह तोंडात टाकली आणि गेला. बोलणं कमी, खाणं जास्त, पण हिशेबाला पक्का होता.

त्याची आणखी एक खोड म्हणजे तो भिंती चाटायचा. खरंच सांगते. कुणाच्या घरी गेला की सलाम, चौकशी, चहा, आणि मग हळूच बोट ओलं करून भिंतीवर फिरवायचं आणि जिभेवर ठेवायचं. कुठे ओल धरली आहे, कुठे मीठ बाहेर पडतंय, हे त्याला जिभेनं कळायचं. गावातली पोरं विचारायची, "मखलूफचाचा, जेवलात का भिंत चाटून आलात?" तोही सांगायचा, "तुमच्या घराची चाटली. आईला सांगा, मीठ कमी आहे."

ही भीती त्याला लहानपणीच चिकटली. तो पाच-सहा वर्षांचा असताना एक सर आली, तासाभराची. आमच्या गोठ्याची भिंत बसली. लोकांना वाटतं भिंत पडताना धाडकन आवाज होतो. मिठाची भिंत तशी पडत नाही. ती आधी पायात मऊ होते, मग माणूस दमून खाली बसतो तशी बसते. मखलूफ तेव्हा गोठ्याच्या दारात उभा होता. आत आमची शेळी होती, ती नीट ओरडलीसुद्धा नाही. बाहेर शाली नावाची जुनी गढी आहेच, आजोबांच्या वेळच्या पावसात सगळी विरघळून ओघळलेली. आम्ही सगळे ती बघत मोठे झालो आणि आम्हाला काही झालं नाही. त्याला मात्र झालं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तरी ढग आला की हा बायकोला आणि लेकीला झोपेतून उठवून खजुरीच्या बागेत नेऊन बसवायचा. बायको बिचारी गरीब, काही बोलायची नाही. ती लवकरच गेली. मग मी विधवा होऊन त्याच्याकडे राहायला आले, आणि मी काही गरीब नाही. मी बोलायचे. किती वेळा थंडीत कुडकुडत बसलो असू आम्ही त्या झाडांखाली! एकदाही छत पडलं नाही. सकाळी परत यायचो तेव्हा शेजारणी दारात उभ्या. "काय मबरूका, रात्री कुणाच्या लग्नाला गेला होता?"

हनियानं, म्हणजे त्याच्या लेकीनं, लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला समोर बसवलं. हातावर मेंदी ओली होती. म्हणाली, "बाबा, तुमच्यावर माझा जीव आहे. पण एक ऐकून ठेवा. उद्यापासून मी ढग बघून घराबाहेर पळणार नाही. छत अंगावर आलं तरी नाही. मला आता झोपायचंय." तो मान खाली घालून बसला. मला त्या क्षणी पोरीचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

जावई जिब्रील. मुलगा चांगला, हसरा, पण थोडा हौशी. तो हाजी अतियाचा ट्रक चालवायचा. हा हाजी समुद्रकाठच्या मतरूहहून नव्या डांबरी रस्त्यानं सिमेंट आणून गावात विकायचा, आणि मखलूफला बघितलं की त्याच्या दाढीला हसू फुटायचं. "काय गवंडीबुवा, आज कुठला साखरेचा महाल बांधताय?" जिब्रीलला सिमेंटचं घर हवं होतं. हनियानं हट्ट धरला की घर बाबाच बांधतील, कर्शीफचंच, उन्हाळ्यात मला भट्टीत राहायचं नाही. जागा मिळाली ती नेमकी हाजीच्या सिमेंटच्या घराला भिंत लावून. मखलूफनं ते घर जीव ओतून बांधलं. प्रत्येक दगड वाजवून घेतला. दाराची भिंत जाड केली, कारण खजुरीचे वासे तिच्यावर यायचे होते.

हनियाला दिवस गेले. ऑक्टोबरात पौर्णिमेला आमचे सगळे पुरुष दकरूरच्या डोंगरावर जमतात, वर्षाची भांडणं मिटवतात, एकत्र जेवतात. मखलूफही गेला. तेवढ्यात जिब्रीलला बायकोसाठी काहीतरी करावंसं वाटलं. हाजीच्या गोदामात फाटक्या गोण्या उरल्या होत्या. त्यानं मित्राला मदतीला घेऊन घराला बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवला, वर छताच्या काठापर्यंत. मखलूफ परत आला तेव्हा जावई हात पुसत दारात उभा, चेहरा पेढा खाल्ल्यासारखा. "मामा, कसं दिसतंय? आता पाऊस काय, पूर आला तरी चिंता नाही!"

मखलूफ भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "छान दिसतंय."

घरी आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "छान? तुझं तोंड तर राखेसारखं झालं होतं."

"अक्का, वरून पाणी आत शिरायला वाट आहे. वाशांच्या टोकांशी फटी असतातच. आधी शिरलेलं पाणी बाहेरच्या अंगानं सुकून जायचं. आता ते जाणार कुठून?"

"मग सांग ना त्याला!"

"सांगितलं तर तो हनियाला सांगणार. हनिया म्हणणार, झालं, बाबा सुरू झाले." तो अंगठ्याची ठेच चोळत बसला. "पहिलटकरीण आहे. नको. बाळ होऊ दे, मग बघू."

बाळ झालं ते ऐन थंडीत. मुलगी. आमच्यात बाळंतीण नाव ठेवायच्या दिवसापर्यंत, म्हणजे सातव्या दिवसापर्यंत, खोलीचा उंबरा ओलांडत नाही. चटईवर पडून राहायचं, तेलाची मालिश, मेथीचं गरम पाणी, बाहेरच्यांची तोंडं बघायची नाहीत. ओलांडला तर बाळाला बाधतं असं सगळ्या मानतात, मीही मानते. खोलीत आम्ही चौघी: हनिया, बाळ, मी आणि माझी विहीण, जिब्रीलची आई. ही बाई अंगानं भरभक्कम आणि रीतीला त्याहून भक्कम. जिब्रील ट्रक घेऊन मतरूहला गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मखलूफ दारात. "तेल संपलं का विचारायला आलो."

"नाही संपलं," मी म्हटलं.

थोड्या वेळानं परत. "सरपण आहे ना?"

"आहे. जा."

तिसऱ्यांदा आला तेव्हा काही बोललाच नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून छताकडे बघायला लागला. विहीण म्हणाली, "व्याहीबुवा, आत काय पिकलेला खजूर लटकलाय का वर?" हनिया चटईवरून ओरडली, "बाबा, ढग आलेत ना? मला न बघता कळतंय. घरी जा!"

ढग आले होतेच. मीही त्याच्या मागून डोकावून बघितले. काळे नव्हते, मळक्या लोकरीसारखे होते, पण हलत नव्हते. तरी मी तोंडानं म्हटलं, "असे शंभर बघितलेत."

दुपारच्या नमाजानंतर पहिले थेंब पडले. मोठे, सुटे. अंगणातल्या धुळीत खड्डे पडले. गल्लीत पोरं नाचायला लागली आणि त्यांच्या आयांनी त्यांना धपाटे घातले. मग थेंब बारीक झाले आणि पडतच राहिले. असा पाऊस वाईट. जोराचा येतो आणि जातो, बारीक बसून राहतो. कुठे कोण छतावर चढलंय, कोण गाढवं सोडतंय, असे आवाज येत होते. मखलूफ आमच्या छतावर चढला. चटया, घोंगड्या, माझं जुनं मेणकापड, हाताला लागेल ते त्यानं वर अंथरलं. खाली आला तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याची पाचावर धारण बसली होती.

"हनिया, बेटा," तो उंबऱ्याशी बसून म्हणाला, "एकदा ऐक. शेवटचं. शेजारी हाजीकडे चल."

"नाही."

"पुन्हा कधी नाही म्हणणार मी."

"बाबा, तुम्ही दर वेळी हेच म्हणता! माझं सगळं बालपण झाडाखाली गेलं. माझ्या लेकीचं नाही जाणार. आणि उंबरा ओलांडायचा नाहीये मला."

"अगदी बरोबर," विहीण म्हणाली. "हे काय चाललंय? बाळंतिणीला भिजवत नेणार? मी इथून हलणार नाही, ती हलणार नाही." आणि ती दाराच्या चौकटीत जाऊन बसली. ती बसल्यावर चौकटीत वाऱ्यालाही जागा उरली नाही.

बाहेरून हाजी अतियाचा आवाज आला. डोक्यावर रिकामी गोणी धरून तो गल्लीत उभा होता. "गवंडीबुवा! पोरीला पाठवा माझ्याकडे! माझं घर विरघळत नाही!" त्याला खरंच काळजी होती, हे मला नंतर कळलं. पण माणसाला टोमणा मारल्याशिवाय चांगुलपणाही करता येत नाही. हनियानं ते ऐकलं आणि ओठ आवळले. आता तर ती मुळीच हलणार नव्हती.

मग दारावरच्या वाशाच्या टोकाशी पहिला थेंब लोंबला.

मखलूफनं विहिणीला ओलांडून आत येऊन बोट लावलं आणि तो जिभेवर घेतला. "खारट," तो म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"छतातून सरळ आलेलं पाणी गोडं लागतं. हे भिंतीतून आलंय. भिंत मीठ द्यायला लागली." तो माझ्या कानाशी कुजबुजत होता, हनियाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी खाली पितळी ठेवली. टप, टप. विहीण तस्बीहचे मणी ओढत होती. हनिया बाळाला पाजत होती आणि मुद्दाम गाणं गुणगुणत होती. मखलूफ थोड्या थोड्या वेळानं बोट लावायचा आणि चाखायचा. त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मलाही चाखायला लावलं. अगदी माझ्या ऑलिव्हच्या पाण्यासारखं लागलं, जीभ आखडली. मी भिंतीकडे बघितलं. बाहेरून सिमेंट, आतून पांढरी, कोरडी, सरळ. एक भेग नाही. पण आता मलाही त्या भिंतीखाली बसवेना. माझ्या तोंडातून अल्लाचं नाव हटेना, आणि मी दिवसातून दोनदाही त्याला नीट आठवणारी नव्हे.

दिवस कलायला लागला. पाऊस तसाच. मी पितळी बदलताना सहज बोट लावलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पाणी खारट नव्हतं. पुन्हा चाखलं. गोडं, झऱ्यासारखं.

"मखलूफ!" मी मोठ्यानं म्हटलं, "गोडं आलं रे! सुटलो! भिंत द्यायची थांबली!"

विहीण म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह. आता तरी चहा टाका कुणीतरी."

मखलूफनं चाखलं. मी त्याला आयुष्यात खूपदा घाबरलेला बघितलाय. असा नाही. त्याच्या ओठांतलं रक्तसुद्धा गेलं.

"अक्का," तो अगदी हळू म्हणाला, "पाऊस थांबलाय का?"

"नाही."

"पाणी त्याच वाटेनं येतंय ना? त्याच टोकाशी?"

"हो."

"मग मीठ कुठे गेलं?"

मला क्षणभर कळलं नाही. आणि मग कळलं, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. ज्या वाटेनं पाणी येत होतं त्या वाटेवर आता खायला काही उरलंच नव्हतं.

तो उठला आणि अंगणातून कुदळ घेऊन आला. विहीण चौकटीत बसलेलीच होती. पुन्हा तिच्या खांद्यावरून ढांग टाकून तो आत आला, म्हणाला, "माफ करा," आणि तिला दंडाला धरून दारापासून ओढून खोलीच्या आतल्या बाजूला आणलं. परक्या बाईला हात लावणारा माणूस नव्हता तो. ती इतकी चकित झाली की ओरडलीच नाही.

"बाबा! काय करताय?" हनिया उठून बसली.

"उंबरा ओलांडायचा नाहीये ना तुला? नको ओलांडूस."

त्यानं तिची चटई बाळासकट बाजूला ओढली आणि बाजूच्या, हाजीच्या घराला लागलेल्या भिंतीवर कुदळ घातली. ज्या भिंतीवर एकही वासा टेकला नव्हता त्या भिंतीवर. स्वतः रचलेली, दगड न् दगड वाजवून घेतलेली भिंत. ती काही सहज दाद देईना. पांढऱ्या कपच्या उडत होत्या, डोळ्यांत जात होत्या. त्याच्या हाताचे फोड फुटले आणि त्यात मीठ गेलं, तरी तो थांबेना. हनिया रडत ओरडत होती, "माझं घर! बाबा, माझं घर फोडताय तुम्ही! आत्या, धर ना त्यांना!" आणि मी, जी जन्मभर त्याला हसले, मी खाली वाकून फुटलेले दगड बाजूला ओढत होते. एक कान दाराच्या भिंतीकडे होता. टप, टप, टप.

पलीकडून हाजीची आरोळी आली. "कोण आहे रे! माझी भिंत फोडतोय कोण?"

"मी मखलूफ!"

"वेड लागलंय का तुला? तुझ्या मिठाच्या घरातून माझ्या घरात घुसतोस?"

"हाजी, बाळ आहे आत! तुमच्या बाजूनं तुम्ही फोडा! अल्लासाठी!"

मग पलीकडून घण बसला. हाजीला मी अनेक शिव्या दिल्यात, पण त्या एका क्षणासाठी त्याला सगळ्या माफ. आणि गंमत बघा, मखलूफ अर्धा तास झुंजत होता, हाजीची सिमेंटची पोकळ वीट तीन घावांत फुटली. भोकातून त्याची दाढी दिसली.

आधी बाळ गेलं, माझ्या हातातून हाजीच्या बायकोच्या हातात. मग हनिया, रागानं हुंदके देत, बापाचा हात झटकून. मग विहीण. ती मध्येच अडकली. पुढून दोघी ओढतायत, मागून मी ढकलतेय, आणि ती म्हणतेय, "मी म्हटलं होतं, मी हलणार नाही!" मला त्या अवस्थेतही हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. मग मी. शेवटी मखलूफ.

हाजीच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो आणि त्या भोकातून रिकाम्या खोलीकडे बघत राहिलो. कंदील तिथेच राहिला होता. पितळी भरून वाहत होती. आता बसेल, आता बसेल. हनिया बघत होती, विहीण बघत होती, हाजी बघत होता. संध्याकाळच्या अजानाच्या सुमाराला पाऊस थांबला.

भिंत बसली नाही.

सकाळी ऊन पडलं. गावात दोन गोठे आणि एक जुनी ओसरी बसली होती, माणूस एकही गेलं नव्हतं. हनियाचं घर सरळ उभं, सिमेंटचा गिलावा धुऊन चकचकीत झालेला. घराला एकच भोक, बापानं पाडलेलं. जिब्रील दुपारी मतरूहहून आला, तो आधी पळत आला, मग घर बघून त्याचा जीव खाली बसला आणि मग तो हसला. "मामा, बघा! सिमेंटनं वाचवलं!" गावाला तर सणच. "मखलूफनं पावसाला सांगितलं, तू राहू दे, मीच पाडतो." चहाच्या टपरीवर, बाजारात, मशिदीच्या पायरीवर हेच. हाजीनं मात्र त्यात तोंड घातलं नाही.

हनिया बापाशी बोलेना. एकदाच बोलली. "पावसानं नाही फोडलं माझं घर, बाबा. तुमच्या भीतीनं फोडलं." तो मान हलवत राहिला.

दोन दिवसांनी तो भोक बुजवायला गेला. हनिया आणि बाळ हाजीकडेच होती. मी त्याला भाकरी आणि मसुराची आमटी घेऊन गेले. त्यानं मला खूण करून दाराजवळ बोलावलं. वाशाच्या टोकाखाली त्यानं आतून एक दगड काढला होता.

"हात घाल," तो म्हणाला.

मी घातला. बोटं गेली, मनगट गेलं, कोपर गेलं. आत काहीच नव्हतं. ओला गाळ होता, खरवडलेल्या भांड्याच्या तळासारखा. पलीकडे माझ्या बोटांना सिमेंटचा पापुद्रा लागला. आतून मिठाची साल, बाहेरून सिमेंटची साल, आणि मध्ये पोकळी, खाली पार उंबऱ्यापर्यंत. त्या दोन सालींवर सगळं छत उभं होतं. कसं उभं होतं ते अल्लालाच माहीत. मी हात बाहेर काढला आणि खाली बसले.

मग मला संताप आला. "थांब," मी म्हटलं, "हनियाला बोलावते. त्या हसऱ्या जावयाला बोलावते. सगळ्या गावाला बोलावते. एकेकाचा हात घालायला लावते यात! तुला हसतात मेले!"

मखलूफनं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला अजून फडकी बांधलेली होती.

"नको, अक्का."

"का नको?"

"तिला झोप येते," तो म्हणाला. "कुठेही पडली की झोपते ती, बघितलंस ना? तिनं यात हात घातला, तर पुन्हा कधी छताखाली झोपणार नाही. लेकीला उराशी धरून आभाळ बघत बसेल, माझ्यासारखी. मला माहीत आहे ते कसं असतं. तुला नाही माहीत." मग तो म्हणाला, "हसू देत मला. हसून काय होतंय."

साठ वर्षं ज्याला मी भित्रा भागूबाई म्हणून चिडवलं, तो माझा धाकटा भाऊ माझ्यासमोर उकिडवा बसून आमटीत भाकरी बुडवून खात होता.

त्यानं जावयाला सांगितलं की कुदळीच्या हादऱ्यानं दाराची भिंतही खिळखिळी झाली, चूक माझी, मी नवी रचून देतो, फक्त बाहेरून गिलावा करायचा नाही. जिब्रीलनं आईकडे बघून डोळा मारला आणि म्हाताऱ्याचं मन राखायला हो म्हटलं. मखलूफनं छताला टेके देऊन ती भिंत उतरवली आणि पुन्हा बांधली, तळ्याच्या पाण्यानं, सावकाश. येणारे जाणारे विचारायचे, "काय, ह्या वेळी फोडायला सोपी बांधताय ना?" तो म्हणायचा, "हो, हो." भिंत पुरी झाली त्या दिवशी हनियानं त्याला चहा आणून दिला, आणि साखर घालून स्वतः ढवळला.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या सीवाला ठाऊक आहे. हे मात्र भिजलं. मखलूफ गेला त्या वेळी हनियाची मुलगी शाळेत जायला लागली होती. शोकाला आलेल्या बायकांना हनियाच भोकाची गोष्ट सांगत होती, डोळे पुसत, हसत. "चार थेंबांना घाबरून माझं घर फोडलं हो बाबांनी." सगळ्या हसल्या. माझ्याकडे बघितलं, मीही हसले. दुपारी बायका पांगल्या, आभाळ भरून आलं, आणि हनिया त्याच खोलीत लेकीला कुशीत घेऊन गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही.